‘फॉरमॅट मारा लागते’ म्हणण्याआधी

घरचा कॉम्प्युटर रडायला लागला की आपण तो उचलून नागपूरच्या सीताबर्डीला नेतो, आणि दुकानातला पोरगा स्क्रीनकडे धड न बघताच सांगतो, “फॉरमॅट मारा लागते, भाऊ.” व्हायरस जातो खरा, पण भावाच्या एमपीएससीच्या नोट्स आणि बाबांचे पेन्शनचे कागदही जातात. आमच्याकडे एकदा असंच गेलं. तेव्हापासून मी आधी घरीच सफाईला बसतो.

सगळ्यात आधी नेट तोडा. वाय-फाय बंद करा, केबल असेल तर काढा. मग घरच्यांना विचारा, शेवटी कोणी काय टाकलं? रागावू नका, नाहीतर कोणी खरं सांगणार नाही. उत्तर बहुधा दोनपैकी एक असतं: झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह, नाहीतर फुकटात मिळवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर. “आधी अँटीव्हायरस बंद करा” असं सांगणारं सॉफ्टवेअर स्वतःच चोर समजा.

आता फाइली बाहेर काढा. घाई करायची ती इथे नाही. रिकाम्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर फक्त फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फाइली घ्या. ईएक्सई, व्हीबीएस, एससीआर अशा शेवटाच्या फाइली आणि शॉर्टकट तिथेच राहू द्या. ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ अशी फसवी नावं ओळखण्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ चालू करा. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर घाबरू नका. फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. व्ह्यूमध्येच ‘हिडन आयटम्स’वर टिचकी मारा. तरीही दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’समोरची खूण काढा. शॉर्टकटवर डबल क्लिक मात्र करू नका, त्यानेच व्हायरस पुन्हा जागा होतो.

कॉपी झाली की तो ड्राइव्ह काढून ठेवा. तोही बाधित असू शकतो, म्हणून सफाई झाल्यावर स्कॅन करूनच उघडा.

मग नेट थोडा वेळ जोडून विंडोज सिक्युरिटीतलं प्रोटेक्शन अपडेट करा, आणि स्कॅन ऑप्शन्समधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. साधं स्कॅन चालतं तेव्हा व्हायरसही जागा असतो. हे स्कॅन कॉम्प्युटर रिस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी चालतं. पंधरा मिनिटं धरा. चहा ठेवा. नंतर फुल स्कॅन, त्याला मात्र तास-दोन तासही लागतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये आणि ब्राउझरच्या एक्सटेन्शनमध्ये अनोळखी काही दिसलं तर बंद करा. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची सफाईची साधनंही मोफत आहेत.

फाइलींची नावंच बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली, तर प्रकरण वेगळं. ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. पैसे देऊ नका, फाइली पुसू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारांची किल्ली मिळते. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, आधी ईमेलचा, मग बँकेचा.

शेवटचं काम घरच्यांना आवडत नाही. सगळ्यांचं एकच ॲडमिन अकाउंट होतं, ते मोडा. प्रत्येकाला साधं स्टँडर्ड अकाउंट द्या, ॲडमिनचा पासवर्ड एकाकडेच ठेवा. आमच्याकडे तो आईकडे आहे. गेम टाकायचा असेल तर भाच्याला आता आधी आजीकडे जावं लागतं, आणि ती विचारते, “काहून पाहिजे?”