भुंगा आला की पळायचं नाही, मोजायचं

माझी नात पाच वर्षांची होती तेव्हा भुंगा दिसला की किंचाळत घरात पळायची. "अगं, तो काही करत नाही," असं मी तिला दोन-तीनदा सांगून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तिच्या मैत्रिणीला मधमाशी डसलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. मग मी सांगणं सोडलं आणि तिला एक काम दिलं. "मी वांग्याच्या कुंडीपाशी बसते. तू खिडकीच्या आत उभी राहा आणि भुंगा किती फुलांवर बसतो ते मोजून मला सांग." काचेआडून तिने सात फुलं मोजली. दुसऱ्या दिवशी तिनेच खिडकी उघडली आणि चौथ्या दिवशी ती माझ्या मांडीवर बसून मोजत होती.

आता शेजारची मुलंही येतात. तुमच्या घरातल्या मुलांना भुंग्याची, म्हणजे लाकडात भोक पाडून घरटं करणाऱ्या काळ्या सुतार भुंग्याची, ओळख करून द्यायची असेल, तर सुरुवात अशीच करा. आधी काम द्या, माहिती मागून. आणि पहिल्या दिवशी मूल जिथे उभं राहील तिथेच त्याला उभं राहू द्या.

डंखाबद्दल मात्र खरं तेच सांगा. नर भुंग्याला नांगी नसते. आपल्या तोंडासमोर येऊन हवेत एका जागी तरंगत रोखून बघणारा बहुतेक वेळा नरच असतो, तो आपली हद्द राखत असतो. मादीला नांगी असते, पण तिला मुठीत धरलं, तिच्यावर पाय पडला किंवा तिच्या बिळाशी खोडी काढली तरच ती डंख मारते. म्हणून आमच्याकडे तीनच नियम आहेत: हात झटकायचे नाहीत, फुंकर मारायची नाही, भोकात काडी घालायची नाही. डंख बसलाच तर थंड पाण्याची पट्टी ठेवायची. ओठ किंवा चेहरा सुजायला लागला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. एवढं स्पष्ट सांगितलं की मुलं जास्त घाबरत नाहीत, उलट सावध आणि निवांत होतात.

मुलांचा एक गोंधळ ठरलेला असतो. चित्रांच्या पुस्तकात त्यांनी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची लोकरी बंबलबी पाहिलेली असते आणि समोर असतो काळाकुळकुळीत भुंगा. फरक पोटावर बघायला सांगा. बंबलबीचं पोट केसाळ असतं, तर सुतार भुंग्याचं वरून तुळतुळीत आणि चकचकीत. बंबलबी मुख्यतः थंड प्रदेशातली, राणी आणि कामकरी माश्या मिळून राहणारी. सुतार भुंग्याची मादी बहुधा एकटीच संसार मांडते. पंखांवर ऊन पडलं की निळी-जांभळी झाक दिसते, ती दिसेपर्यंत मुलांना थांबायला लावा. काही जातींत नर चक्क सोनेरी-पिवळा असतो. मुलांना ते वेगळेच किडे वाटतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

वही हवीच. पण तिच्यात माहिती उतरवून घेऊ नका, प्रश्न लिहा. एका झाडासमोर दहा मिनिटं बसायचं, त्यापेक्षा जास्त नाही. किती भुंगे आले? एका फुलावर किती आकडे मोजेपर्यंत थांबला? फुलाच्या तोंडातून आत गेला की देठाच्या बाजूने? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. लांब नळीच्या फुलांना भुंगा कधीकधी बुडाशी चीर पाडतो आणि परागांना न शिवता मकरंद पितो. एका मुलाने हे स्वतः पाहिलं आणि वहीत लिहिलं, "आज चोरी पकडली."

आता वांग्याच्या फुलाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांत जास्त डोळे इथेच विस्फारतात. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलात पराग उघड्यावर नसतात. पुंकेसरांच्या पिवळ्या नळ्यांमध्ये ते बंद असतात. वांग्याच्या नळीला टोकाशी बारीक छिद्र असतं, मीठदाणीसारखं. भुंगा फुलाला घट्ट धरून लोंबकळतो, पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू थरथरवतो आणि पराग त्याच्या अंगावर झरतात. बंबलबीलाही ही कला येते, मधाच्या पोळ्यातल्या माशीला येत नाही. मुलांना आधी डोळे मिटून ऐकायला सांगा. उडतानाची भुणभुण खालच्या पट्टीत असते. फुलावर बसल्यावर ती एकदम चढते, बारीक होते, तुटक होते. तो आवाज आला की डोळे उघडायचे.

मग हेच आपण करून बघायचं. कोरड्या, उन्हाच्या सकाळी पूर्ण उमललेल्या फुलाखाली काळा कागद धरा. नादकाटा, म्हणजे आपटला की थरथरणारा दोन दातांचा काटा, रबरावर आपटून फुलाच्या देठाला टेकवा. नादकाटा नसेल तर बॅटरीवर चालणाऱ्या टूथब्रशची पाठ टेकवा. कागदावर फिकट पिवळी पूड पडते. पहिल्या फुलाला नाही पडली तर दुसरं घ्या. शिळ्या फुलात काही उरलेलं नसतं. आमच्याकडे एका मुलीने ती पूड बोटावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "भुंगा आला नाही तर वांगी कमी लागतील का?" मी उत्तर दिलं नाही. दोन फांद्यांना दोरे बांधले, एकीवरच्या फुलांना रोज टूथब्रश लावायचा, दुसरीवरच्या कळ्या उमलण्याआधीच मलमलीच्या पिशवीत झाकायच्या. मोजणी तिच्याकडे.

मुलांच्या प्रश्नांना कमी लेखू नका. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या 25 मुलांनी बंबलबींवर प्रयोग केला. कुठल्या रंगाच्या, कुठे असलेल्या दिव्यापाशी साखरपाणी मिळतं हे माश्या शिकतात का, हा त्यांचा प्रश्न होता. माश्या शिकल्या. मुलांनी आपल्या भाषेत लिहिलेला, रंगीत पेन्सिलींनी आकृत्या काढलेला तो निबंध 2010 साली 'बायॉलॉजी लेटर्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. ही हकिकत मुलांना जरूर सांगा.

भुंगा कोरडं लाकूड पोखरतो हे आपल्या भाषेला शेकडो वर्षं माहीत आहे. पण पोखरते ती मादी, आणि लाकूड ती खात नाही. हे कळल्यापासून आमच्या वहीत "तो आला"च्या जागी "ती आली" लिहिलं जातं. गोल भोकाखाली ताजा भुसा दिसला की काम चालू आहे असं समजावं. एकदा सोडून दिलेला, वर्षभर रिकामा पडलेला बांबू मी मुलांसमोर उभा चिरला. आत एकामागे एक खोल्या, मध्ये चावलेल्या लाकडाच्या भुश्याचे चपटे पडदे आणि एका खोलीत वाळून कडक झालेला परागांचा गोळा. प्रत्येक खोलीत असा एक गोळा आणि त्यावर एकच अंडं. कीटकांच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या अंड्यांमध्ये या अंड्यांची गणना होते. चालू घरटं मात्र कधीही उघडू नका.

भुंगे राखायचे म्हणजे काय, तर वाळका ओंडका किंवा जाड बांबू फेकायचा नाही. बोटभर पोकळीचे बांबूचे तुकडे, एका टोकाला पेर ठेवून, पावसापासून आडोशाला घट्ट बांधायचे. लोंबकळणारे तुकडे त्यांना नको असतात. पहिल्या वर्षी कोणी आलं नाही तरी काढू नका. दाराच्या चौकटीला भोकं पडत असतील तर लाकडाला रंग द्या आणि जवळच ओंडका ठेवा. भोकात औषध ओतू नका. फुललेल्या झाडावर कीटकनाशक मारायचं नाही, हे घरातल्या मोठ्यांना मुलांनीच सांगितलेलं जास्त लागू पडतं.

सकाळी गारठ्यात जमिनीवर निपचित पडलेला भुंगा मेलाच असेल असं नाही. कडक कागदावर अलगद घेऊन उन्हातल्या फुलावर ठेवायचा. मध पाजायचा नाही, त्यातून रोग जाऊ शकतात. मागच्या महिन्यात बादलीत पडलेली एक मादी नातीने अशीच पानावर काढली. आधी ती पाय पुसत राहिली, मग पंख न हलवता अंग थरथरायला लागलं. "आजी, ती स्वतःला गरम करतेय," नात हळूच म्हणाली. आम्ही मोजत होतो. चारशे बाराव्या आकड्याला ती उडाली.