कॉलेज, मॉडेलिंग आणि चारचौघांपेक्षा वेगळं घर: तिन्ही कसं सांभाळावं

गावात राहून तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या, अधूनमधून नागपूर-अमरावतीला शूट करणाऱ्या आणि ज्यांचं घर 'आईबाबा आणि दोन मुलं' या चौकटीत बसत नाही, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. माझं गाव वडशाजवळ, गडचिरोली जिल्ह्यात. माय झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकात काम करते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत तिच्या रात्री गावोगावच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, जातात. मला वाढवलं आजीनं आणि मायच्या नाटक कंपनीतल्या दोन मावश्यांनी. वडील आमच्यात राहत नाहीत. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि साड्या, कुर्ते, दागिने यांच्या कॅटलॉगचं काम करते.

या तिन्हींत आपल्याला सगळ्यात जास्त दमवतं ते लपवणं. शूट असलं की कॉलेजात ताप सांगायचा, पेपर असला की शूटवाल्याला घरी लग्न सांगायचं, आणि घरचं तर दोघांनाही काहीच सांगायचं नाही. कोणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवण्यातच अर्धा जीव जातो. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या कोणाला, काय आणि किती सांगायचं याच्याच आहेत.

आधी हातात किती दिवस आहेत ते मोजा

सेमिस्टरला साधारण ९० दिवस शिकवणं अपेक्षित असतं आणि हजेरी ७५ टक्के लागते. म्हणजे ६८ दिवस कॉलेजात बसायलाच हवं. उरले २२. पण हे २२ दिवस सगळे शूटसाठी नाहीत. आजारपण, पोळा, महालक्ष्म्या, घरातलं एखादं लग्न, रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे, दिवस धरले की दहा सहज जातात. उरलेल्या बारांत कॉलेजच्या दिवशीचं नागपूरचं एक शूट दोन दिवस खातं, कारण आमच्याकडून एसटीनं जायलाच साडेतीन-चार तास लागतात आणि परतायला रात्र होते. म्हणजे सेमिस्टरला सहा शूट, तेही नीट वाटून घेतले तर. बाकीची कामं रविवारी आणि सुट्टीत. तुमचं गाव, तुमचं अंतर वेगळं असेल, पण हे गणित वहीत एकदा मांडाच. हजेरी विषयवार मोजतात की एकत्र, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारा. विषयवार असेल तर दर शनिवारी ज्याचा तास असतो तोच विषय सारखा बुडतोय का, तेही पाहावं लागतं.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा. विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा एका रंगात, कामाचा हंगाम दुसऱ्या, घरचा हंगाम तिसऱ्या. दिवाळीच्या मालाचे फोटो ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच काढतात. रोवणी जुलै-ऑगस्टची. हिवाळी परीक्षा जवळ येते तेव्हाच धान कापणीला येतं आणि मायच्या तालमी सुरू होतात. तिन्ही रंग एकावर एक येतात ते आठवडे जूनमध्येच दिसतात, आणि जूनमध्ये त्यांचं काही तरी करता येतं. पेपरच्या आधीचे पंधरा दिवस मी कामाला हातच लावत नाही. त्या दिवसांत कोणी दुप्पट पैसे देतो म्हणालं तरी नाही. पेपर राहिला तर तो पुन्हा द्यायला पुढची परीक्षा येईपर्यंत थांबावं लागतं.

कॉलेजात एकाच माणसाला सगळं सांगा

सगळ्या प्राध्यापकांना सांगत फिरायची गरज नाही. वर्गशिक्षक किंवा मेंटॉर, जे कोणी तुमचं नाव ओळखतात, त्यांना सत्राच्या सुरुवातीला भेटा. काय काम करता, महिन्यातून साधारण किती दिवस जाणार, हे साध्या शब्दांत सांगा. दाखवायला कुर्ता घातलेला एखादा कॅटलॉगमधला फोटो मोबाइलमध्ये असू द्या. 'मॉडेलिंग' म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांसमोर काय येईल सांगता येत नाही, आणि फोटो पाहिला की बहुतेकांचा सूर बदलतो. मग प्रत्येक शूटच्या आधी दोन ओळींचा रजेचा अर्ज द्या. नंतर नाही, आधी. अर्जाची एक प्रत जवळ ठेवा.

अंतर्गत परीक्षा, प्रॅक्टिकल आणि सेमिनारचे दिवस कधीच सोडू नका. तिथले गुण घरी बसून वाचून भरून निघत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे क्रेडिट आहेत. तुम्ही ज्या कपड्यांच्या दुकानासाठी किंवा स्टुडिओसाठी उभे राहता, तिथलंच स्टॉकचं, हिशेबाचं किंवा ऑनलाइन विक्रीचं काम त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना जरूर विचारा. वाणिज्यच्या मुलांना ते शोभतंही. आणि काम खरोखरच वाढलं, महिन्याचे पंधरा दिवस बाहेर जाऊ लागले, तर विषय मागे टाकत बसण्यापेक्षा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ पासून चालतंय, जवळपासच्या गावांत त्याची अभ्यासकेंद्रं असतात. 'मुक्तवालं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

काम घेण्याआधी शब्द लिहून घ्या

आपल्या भागातून मिळणारं काम बहुतेक कॅटलॉगचं, दागिन्यांच्या होर्डिंगचं, किंवा ब्रायडल मेकअप करणाऱ्या ताईंच्या नमुन्याचं असतं. त्यासाठी पाच फूट आठ इंच उंची लागत नाही. कापड अंगावर नीट बसावं, चेहरा शांत असावा, आणि दिवसाला तीस-चाळीस कपडे बदलताना चिडचिड होऊ नये, एवढं पुरतं. सुरुवातीला महागडा पोर्टफोलिओ करू नका. सकाळच्या उजेडात, साध्या रंगाच्या भिंतीसमोर, मेकअपशिवाय समोरून, बाजूनं, पाठमोरा आणि पायापर्यंतचा फोटो मैत्रिणीकडून मोबाइलवर काढून घ्या. काम देणाऱ्याला आधी हेच पाहायचं असतं.

'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणारा माणूस काम देत नाही, पैसेच घेतो. रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर कमी कपड्यांतले फोटो मागणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नका, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेलेच तर लगेच ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

करारपत्र मिळालं तर उत्तम. छोट्या दुकानदाराकडून ते मिळत नाही, मग सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याचं 'हो, ठीक' असं उत्तर येईपर्यंत बसमध्ये बसू नका. त्यात एवढं हवं: तारीख आणि वेळ, कपड्यांचे प्रकार, कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली, पैसे किती आणि कधी, येण्याजाण्याचं भाडं कोणाचं, फोटो कुठे आणि किती दिवस वापरणार. आता आणखी एक ओळ घाला: माझ्या फोटोवरून एआयनं दुसरे फोटो बनवायचे नाहीत, आणि माझा रंग उजळ करायचा नाही. रंगाचं मी मुद्दाम लिहिते. उन्हात रोवणी करणाऱ्या मुलीचा रंग जसा आहे तसाच त्या साडीवर शोभतो, आणि ती साडी घेणाऱ्या बायकाही आपल्यासारख्याच असतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणून स्वतःच्या ओळखीसाठी ते फोटो वापरायची परवानगीही त्याच मेसेजमध्ये मागून घ्या. आणि वय १८ पूर्ण नसेल तर तुमच्या सहीला कायद्यात वजन नाही. घरचं मोठं माणूस सोबत हवंच.

हातापायांची तयारी

हे शहरातल्या मुलींना कोणी सांगत नाही, कारण त्यांना लागत नाही. दागिन्यांच्या शूटचा हंगाम आणि रोवणी जवळजवळ येतात. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आठ दिवस वाकून काम केलं की नखांच्या कडा काळ्या होतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मानेवर ब्लाउजच्या गळ्याची उन्हाची रेघ उमटते. बांधीत उतरण्याआधी हातापायांना खोबरेल तेल चोळा, नखं अगदी बारीक कापा, मान आणि दंड झाकणारा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. संध्याकाळी बोटांच्या मधला भाग कोरडा पुसा. अंगठ्या-बांगड्यांचं काम असेल तर त्याआधीचे आठ-दहा दिवस घरात बांधावरचं किंवा स्वयंपाकाचं काम मागून घ्या आणि चिखलातलं दुसऱ्याला द्या. पुढच्या वर्षी त्याची परतफेड करा. आजीला हे पटतं, पण आधी सांगितलं तरच.

पिशवीत अंगाच्या रंगाचे आतले कपडे, सेफ्टी पिना, साधी काळी चप्पल, एक ओढणी, शेंगदाणे आणि त्या आठवड्याच्या नोट्स. दोन सेटअपच्या मध्ये दिवे लावायला पाऊण तास जातो. तेवढ्यात खतावणीची दोन उदाहरणं सुटतात.

घराबद्दल काय बोलायचं

प्रश्न येणारच. 'वडील काय करतात?' 'आई रात्री कुठे जाते?' त्यासाठी दोन वाक्यं तयार ठेवा, खरी आणि पुरेशी. माझी अशी: 'आई नाट्यकलावंत आहे, मी आजीजवळ वाढले.' एवढ्यावर थांबायचं. खालच्या मानेनं नाही, सरळ बघून. झाडीपट्टीतल्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीबद्दल कोणाला समजावून सांगण्याची वेळ आपली नाही. तुमचं घर आश्रमातलं असेल, आंतरजातीय लग्नाचं असेल, एकट्या बापानं चालवलेलं असेल, तरी दोन वाक्यं पुरतात.

एका गोष्टीपासून जपा. चेहरा थोडा दिसू लागला की कोणीतरी 'तुमची संघर्षकथा' रीलसाठी मागतं. ती कथा तुमची एकटीची नाही, तिच्यात मायही आहे. तिला विचारल्याशिवाय एक वाक्यही देऊ नका, आणि ती नको म्हणाली तर विषय संपला.

घरात मात्र सगळं सांगा. हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवा, कॅलेंडर मध्ये ठेवा. कोणत्या रात्री घरी कोण असेल, लहान भावाचा डबा कोण करेल, आजीच्या गोळ्या कोण आणेल, हे तारखेवार ठरवा. वेगळ्या घरात वाढलेल्यांना एक फायदा असतो, तो वापरा. कामासाठी बाहेर जाणं काय असतं हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आजी म्हणते, 'कंपनीची गाडी येते तवा माय तयार रायते. तू बी रायजो.' मेकअप किती वेळ टिकतो, वेळेवर पोचणं म्हणजे काय, प्रेक्षक असो नसो उभं कसं राहायचं, हे मी मावश्यांकडूनच शिकले.

नाव आणि पैसे

अशा घरांत कागदांवरची नावं हमखास वेगवेगळी असतात. शाळेत एक आडनाव, आधारवर दुसरं. मग खात्यात पैसे अडकतात. गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक खातं, चारही ठिकाणी नाव अक्षरनअक्षर एक करून घ्या. आई एकटी पालक असेल तर पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव लिहायची सक्ती डिसेंबर २०१८ पासून नाही, हे सेवाकेंद्रातल्या माणसाला सांगावं लागतं. पैसे स्वतःच्या खात्यात घ्या. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापला असेल तर कागद जपा. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असलं तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

जाणं-येणं

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा भाड्याचं कारण सांगून कोणाच्या गाडीत बसायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन कामांना घरचं कोणीतरी सोबत न्या. कामाच्या जागी लैंगिक त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तातडीला ११२ आहेच.

दुपारी तीनला अंदाज घ्या. शेवटची बस चुकणार असं दिसलं तर तेव्हाच तीन फोन करा: शूटवाल्याला, की मुक्काम ठरल्याप्रमाणे त्याच्या खर्चानं, आजीला, की मी अमक्या मैत्रिणीकडे झोपणार, तिच्या आईचा नंबर हा, आणि वर्गातल्या मैत्रिणीला, की उद्याच्या पहिल्या दोन तासांच्या नोट्सचे फोटो पाठव.