खडूने लिहिता येईल असा रंग घरीच

१ कप मॅट अ‍ॅक्रिलिक रंगात २ मोठे चमचे टाइल्सच्या फटी भरायचं ग्राउट मिसळलं की फळ्याचा रंग तयार. ग्राउट बिनवाळूचंच घ्या. वाळूचं घेतलंत तर भिंत पॉलिश पेपरसारखी खरखरीत होते. चकचकीत रंगही नको, त्यावर खडू नुसता घसरतो.

आधी ग्राउट थोड्या पाण्यात कालवून घ्या, गुठळ्या बोटाने चिरडा, मग रंगात घाला. (कोरडी पूड नाकात जाते, मास्क लावा.) लागेल तेवढंच कालवा. उरलेलं डब्यात घट्ट होऊन बसतं.

जुन्या कपाटाच्या दारावर लावायचं असेल तर आधीची चकाकी घासून काढा आणि प्रायमर द्या, नाहीतर पापुद्रे निघतील. फोमच्या रोलरने दोन-तीन पातळ हात द्या, ब्रशच्या रेघा लिहिताना जाणवतात. वाळल्यावर १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, पुसा आणि तीन दिवस हात लावू नका.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. खडू आडवा धरून अख्खा पृष्ठभाग पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे न करता थेट लिहिलंत, तर ती पहिली अक्षरं पुसल्यावरही अंधूक दिसत राहतात.