परड्यात टोमॅटो आणि कोथिंबीर-पुदिना: रोपे कशी तयार करावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात परड्यात टोमॅटो लावायचा असेल, तर बी टाकण्याची वेळ पावसाकडे पाहून ठरवावी. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात जोराच्या सरी कोसळत असल्याने उघड्यावरची कोवळी रोपे टिकत नाहीत. म्हणून सप्टेंबरच्या मध्यावर पडवीत किंवा पत्र्याच्या आडोशाला बी पेरावे. हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत रोपे लागणीला येतात.

तळाला भोके पाडलेल्या कागदी पेल्यांत दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेले गांडूळखत भरावे. निपाणी-चिकोडीकडची काळी माती ओली झाली की घट्ट बसते, त्यामुळे बी रुजवण्यासाठी ती एकटी वापरू नये. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरून वर हलका थर द्यावा. ऊब मिळाल्यास 6 ते 10 दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसताच पेले उजेडात आणावेत, नाहीतर रोपे उंच आणि लुसलुशीत होऊन वाकतात.

खरी कसोटी पाण्याची असते. एका वर्षी मी मायेपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले आणि आठवड्याभरात निम्मी रोपे आडवी पडली. बुंध्याशी देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झाला होता. ही रोपांची मर आहे. सततच्या ओलीत बुरशी वाढते आणि तिने धरलेले रोप वाचत नाही. त्यामुळे वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच, शक्यतो सकाळी, कडेने थोडे पाणी द्यावे.

साधारण 25 ते 30 दिवसांत रोपाला चार-पाच खरी पाने (कोंबाच्या पहिल्या दोन दलांनंतरची) येतात. त्यानंतर आठवडाभर रोज थोडा वेळ अधिक ऊन दाखवून ते कणखर करावे. लागण संध्याकाळी करावी आणि खालची पाने खुडून देठ पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरावा, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या देठालाही मुळे फुटतात. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवून लावतानाच काठी रोवावी. नंतर रोवल्यास मुळे दुखावतात.

कोथिंबिरीचे रोप उपटून दुसरीकडे लावणे तिला मानवत नाही, म्हणून धणे हलके रगडून दोन डाळी कराव्यात आणि कायमच्या जागीच पेरावेत. तुळशीचे बी फार बारीक असते; ते मातीवर भुरभुरून केवळ हलके दाबावे. पुदिना मात्र बाजारातून आणलेल्या जुडीतूनही होतो: ताजी, जाड काडी निवडून खालची पाने काढावीत आणि ती पेलाभर पाण्यात ठेवावी. आठवडाभरात पेरापाशी पांढरी मुळे दिसू लागतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की काडी स्वतंत्र कुंडीत लावावी, कारण वाफ्यात मोकळा सोडलेला पुदिना शेजारच्या रोपांची जागा बळकावतो.