एक संत, तीन तारखा: संत जॉर्जचा दिवस पाहायला जायचं असेल तर

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाला मी पहिल्यांदा गेले ती २३ एप्रिल गाठून. विमान, हॉटेल, सगळं त्या तारखेवर बेतलेलं. सकाळी उत्साहाने बाहेर पडले तर ट्राममध्ये कामाला निघालेली माणसं, बाकी कुठे काही नाही. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या आजींना विचारलं, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: अजून तेरा दिवस.

म्हणून पहिली पायरी तिकिटाची नाही, तारखेची. परंपरा सांगते की रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, इ.स. ३०३ मध्ये, आपली श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून जॉर्ज नावाच्या सैनिकाला ठार मारलं. तो दिवस २३ एप्रिल, यावर बहुतेकांचं एकमत आहे. पण २३ एप्रिल कोणत्या कॅलेंडरचा? जुनं ज्यूलियन आणि आजचं ग्रेगोरियन यांच्यात सध्या १३ दिवसांचं अंतर आहे, त्यामुळे जुन्या हिशेबाने तीच तारीख ६ मेला येते. स्मार्त आणि भागवत एकादशी कधी कधी दोन वेगळ्या दिवशी येतात, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना यात नवल वाटायचं नाही. बार्सिलोना, इंग्लंड आणि इस्तंबूलजवळची बेटं यांच्यासाठी २३ एप्रिल धरा. बल्गेरिया आणि सर्बियासाठी ६ मे. ग्रीसला जाणार असाल तर आधी ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे ते बघा. २३ एप्रिल ईस्टरआधीच्या उपवासांत आला तर तिथे हा सण ईस्टरनंतरच्या सोमवारी करतात. २०२७ मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मेला आहे, म्हणजे ग्रीसमधला संत जॉर्ज ३ मेला.

एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी ब्युयुकाडा सांगेन. इस्तंबूलहून बोटीने जायचं हे बेट. टेकडीच्या माथ्यावर आया योर्गी, म्हणजे संत जॉर्जचा ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ. आणि २३ एप्रिलला तिथे चढणाऱ्यांत बहुसंख्य मुसलमान असतात, नवस बोलायला आलेले. त्याच दिवशी तुर्कस्तानात राष्ट्रीय सार्वभौमत्व आणि बालदिनाची सुट्टी असते (१९२० साली याच तारखेला तिथली संसद सुरू झाली), त्यामुळे बोटींना तुडुंब गर्दी होते. सकाळच्या अगदी पहिल्या बोटींपैकी एक पकडा. दुपारी गेलात तर बोटीच्या रांगेतच दिवस संपेल.

चढ सुरू होतो तिथे रंगीत दोऱ्यांची रिळं विकायला असतात. एक टोक खाली झुडपाला बांधायचं आणि रीळ उलगडत वर जायचं. दोरा न तुटता माथ्यापर्यंत पोचला तर मागितलेलं मिळतं, अशी श्रद्धा. पुष्कळजण अनवाणी चढतात, काहीजण वर पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. पाहुण्याने इथे एवढंच सांभाळायचं: पाय उचलून टाका. वाटेच्या दोन्ही कडांना गुडघ्याच्या उंचीवर शेकडो दोरे ताणलेले असतात, आणि त्यातला प्रत्येक दोरा कुणाचं तरी मूल, कुणाचं तरी आजारपण असतो. माझ्या पुढे एक तरुण मुलगी चढत होती. एका वळणावर तिचा दोरा तुटला. मागून येणाऱ्या, तिच्या ओळखीच्याही नसलेल्या बाईंनी खाली बसून तो गाठ मारून जोडला आणि काही न बोलता पुढे गेल्या. देवळात कॅमेरा पिशवीतच ठेवा. रांगेत तुमच्यामागे उभा असलेला माणूस इथवर फोटो काढायला आलेला नसतो.

बार्सिलोनाचा सान्त जोर्दी, म्हणजे तिथला संत जॉर्ज, अगदी वेगळा. तिथे गुलाब आणि पुस्तकं. दंतकथेत जॉर्जने मारलेल्या ड्रॅगनच्या रक्तातून गुलाब उगवला, म्हणून गुलाब. पुस्तकं नंतर आली: स्पेनमधला पुस्तक दिन १९३० साली २३ एप्रिलला आणला गेला आणि दोन्ही सण एक झाले. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस आणि शेक्सपिअर या दोघांच्या १६१६ मधल्या मृत्यूशी जोडलेली हीच तारीख युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी घेतली. पूर्वी पुरुषाने गुलाब द्यायचा आणि बाईने पुस्तक. आता कोणीही कोणालाही काहीही देतं, आणि तेच मला जास्त आवडतं. कातालोनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, या दिवशी सुट्टी नसते. त्यामुळे संध्याकाळी ऑफिसं सुटली की पसेज द ग्रासिआ या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. सकाळी दहाच्या आत पोचा. गुलाबासोबत गव्हाची ओंबी बांधलेली आहे ना, ते पाहून घ्या. कातालान वाचता येत नसलं तरी एक पातळसं कवितांचं पुस्तक विकत घ्या आणि लेखक टेबलाशी बसलेला असेल तर सही मागा. नुसतं बघत फिरलात तर सणाच्या बाहेरच राहाल.

सोफियाला मी पुन्हा गेले, या वेळी ६ मेला. गेर्ग्योव्देन, म्हणजे संत जॉर्जचा दिवस, हा तिथे सैन्याचाही दिवस. सकाळी संचलन असतं. ते पाहून घ्या, पण जेवणाच्या वेळेला कोणाच्या तरी घरी किंवा गावात पोचायची खटपट करा. संत जॉर्ज इथे मेंढपाळांचा राखणदार. दाराला हिरव्या फांद्या लावतात आणि भाजलेलं कोकरू पानात येतं. जुन्या रिवाजात वर्षाचं पहिलं कोकरू या दिवसाआधी कापत नसत. मांस खात नसाल तर निमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नको.

इंग्लंडमध्ये सुट्टी नाही, फारसा गाजावाजाही नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉसचे झेंडे आणि स्काउटांची संचलनं दिसतील. मुद्दाम त्यासाठी जाऊ नका, तिथेच असाल तर बघा. इथिओपियात लालिबेलाचं बेते गियोर्गिस, म्हणजे संत जॉर्जचं चर्च, एकाच खडकात वरून खाली क्रॉसच्या आकारात कोरलेलं, कोणत्याही दिवशी पाहण्यासारखं आहे.

आणि एप्रिल-मे दोन्ही हुकलं तर जॉर्जिया हा देश आहे. तिथे गिओर्गोबा, म्हणजे संत जॉर्जचा सण, वर्षातून दोनदा येतो, ६ मेला आणि २३ नोव्हेंबरला, आणि नोव्हेंबरच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवावी, आणि गरम कपडे सगळ्यांनीच.