परदेशातून खान्देशातील घरी परतताना

कायमचे परतायचे असेल, तर आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा, मोह टाळून दिवाळीनंतर यावे. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि थंड देशात वाढलेली मुले पहिल्याच आठवड्यात हैराण होतात. पहिले दोन-तीन महिने घरातील व्यवहारांत दुरुस्त्या सुचवू नयेत, कारण आपल्या माघारी आई-वडिलांची औषधे, केळीचे पाणी आणि भाऊबंदकीचे प्रश्न ज्या भावाने व वहिनीने सांभाळले, त्यांना आपली साधी सूचनाही हिशेब मागितल्यासारखी वाटते. मुलांना आजीजवळ बसवावे. भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत ती अहिराणी बोलीही शिकतील, त्यासाठी शिकवणी लागत नाही. परतल्याचे बँकेला कळवून अनिवासी खाते निवासी करून घ्यावे. घरखर्चातील आपला वाटा मात्र पहिल्याच महिन्यात, कोणी मागण्यापूर्वी, ठरवून टाकावा.