घरचा फोन सर्व्हर: अ‍ॅस्टरिस्क बसवण्याआधीची तयारी

अ‍ॅस्टरिस्क म्हणजे साध्या संगणकाला घरचं टेलिफोन एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर. सगळ्यात आधी कागद घ्या आणि घरातले नंबर ठरवा. इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत पहिलं एक्स्टेंशन, म्हणजे घरातल्या फोनचा नंबर, १०० किंवा १०१ असतं. आपल्याकडे ते मुळीच ठेवू नका. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०२ आणि १०८ रुग्णवाहिका, ११२ सगळ्यांसाठी मिळून. हे आकडे घरातल्या मोठ्या माणसांच्या बोटांत बसलेले असतात. घाबरलेल्या आजींनी १०१ फिरवावा आणि माडीवर नातवाच्या खोलीत घंटी वाजावी, असं होता कामा नये. २०१ पासून सुरुवात करा. घरच्या सर्व्हरवरून हे तातडीचे नंबर लागणारच नाहीत, म्हणून 'मदतीसाठी मोबाइलवरून ११२' अशी चिठ्ठी फोनवर चिकटवायला आत्ताच लिहून ठेवा.

सर्व्हर बाहेरच्या फोनजाळ्याला जोडायचा मोह होतोच. परदेशातला भाऊ इंटरनेटवरून घरी कॉल करेल आणि तिथून आपल्या सिमवरून मुंबईतल्या कुणाशीही बोलेल, ही कल्पना सोडून द्या. ते बिनपरवाना एक्स्चेंज चालवणं होतं. खूप सिम एका यंत्रात घालून असेच कॉल फिरवणाऱ्या सिमबॉक्सवाल्यांवर धाडी पडतात त्या त्यासाठीच. बाहेरचा नंबर हवाच असेल तर परवाना असलेल्या कंपनीकडून रीतसर घ्या. घरच्यांनी घरच्यांशी बोलायला त्याची गरज नाही.

यंत्राचं फार मनावर घेऊ नका. पाच-सात फोनांना रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पुष्कळ झाला. तरी मी जुना लॅपटॉप निवडेन, कारण बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरही तो चालू राहतो. मात्र राउटर बंद पडला तर त्याचा उपयोग शून्य. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते पाहून तसा छोटा यूपीएस आणा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे हमखास विसरलं जातं.

डेबियन १२ या लिनक्सच्या भांडारात अ‍ॅस्टरिस्कचं पॅकेज नाही, तेव्हा तिथे शोधत बसू नका. अ‍ॅस्टरिस्कचा सोर्स (मूळ कोड) उतरवा आणि लागणारी पॅकेजेस आणणारी स्क्रिप्ट त्यातच असते ती आधी चालवा. उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर तयार पॅकेज मिळतं. जुने लेख वाचताना एक खूण लक्षात ठेवा: त्यात चॅन-सिप (अ‍ॅस्टरिस्कला फोन जोडणारा जुना भाग) दिसलं तर तो लेख बाजूला ठेवा. ते २१ व्या आवृत्तीपासून काढून टाकलंय, आता सगळं त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपवर चालतं. त्यात प्रत्येक फोनसाठी तीन तुकडे लिहावे लागतात: फोनची मांडणी सांगणारा एंडपॉइंट, पासवर्डचा ऑथ आणि फोन सध्या कुठे आहे ते नोंदवणारा एओआर. पासवर्ड लांबलचक ठेवा. २०१ ला २०१ हा पासवर्ड म्हणजे दाराला कुलूप घालून किल्ली कुलपातच ठेवणं.

आता राउटर, आणि इथे घाई करू नका. फोन लागतो, घंटी वाजते, पण एकालाच ऐकू येतं, ही तक्रार याच जागी जन्मते. सिप ही फोन जोडून देणारी भाषा; तिचा निरोप ५०६० पोर्टवरून (यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारातून) जातो, आवाज मात्र वेगळ्या वाटेने, अ‍ॅस्टरिस्कच्या नेहमीच्या मांडणीत १०००० ते २०००० मधल्या यूडीपी पोर्टवरून. आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता निरोपाच्या आत लिहिलेला असतो. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला पत्ता गेला, तर बाहेरचा फोन आवाज कुठेच पोहोचवू शकत नाही. राउटरमधलं 'सिप एएलजी' नावाचं सेटिंग हा पत्ता दुरुस्त करायला जातं आणि बहुतेक वेळा आणखी बिघडवतं. ते बंद करा. सर्व्हरला राउटरमध्येच कायमचा पत्ता नेमून द्या. मग राउटरच्या पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर तुमचा इंटरनेटवाला एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतोय आणि बाहेरून तुमच्यापर्यंत थेट येता येणार नाही. अशा वेळी त्यांच्याकडे स्थिर सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये ठेवा.

पत्ता सार्वजनिक असला तरी ५०६० जगाला उघडू नका. हे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर सतत चालू असतात, आणि बाहेरची लाइन जोडलेली असेल तर चोरट्या आंतरराष्ट्रीय कॉलचं बिल तुमच्या नावावर येतं. त्यापेक्षा वायरगार्ड (इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) घाला: एकच यूडीपी पोर्ट उघडायचं आणि दूरचे फोन त्याच्या आतून आणायचे. वायरगार्डचे पत्ते पीजेसिपच्या लोकल-नेटमध्ये, म्हणजे घरच्या पत्त्यांच्या यादीत, लिहायचे आणि डायरेक्ट-मीडिया (फोनांनी एकमेकांना थेट आवाज पाठवणं) बंद ठेवायचं, म्हणजे आवाज सर्व्हरमार्गेच जाईल.

बँडविड्थची काळजी नको. जी-७११ या आवाजाच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात.

फोनांचं म्हणाल तर तरुणांना मोबाइलवर लिनफोन किंवा झॉइपर हे फोनचं अ‍ॅप चालेल; अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपची बॅटरी-बचत बंद करा, नाहीतर घंटी वाजणार नाही. आयफोनवर अ‍ॅप मागे गेल्यावर घंटीसाठी पुश नोटिफिकेशनची वेगळी सोय लागते, म्हणून तिथे भरवसा ठेवू नका. वडीलधाऱ्यांना स्क्रीनवरचं हिरवं बटण सरकवायला लावू नका. लँडलाइन काढल्यावर कपाटात पडलेला बटणांचा फोन बाहेर काढा आणि त्याच्यासाठी एटीए (साधा फोन सर्व्हरला जोडणारी डबी) घ्या. ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ एका फोनला पुरतो. रिसीव्हर उचलायचा, तीन आकडे दाबायचे, बस्स. दूरच्या घरी एटीएच्या मागे वायरगार्ड चालणारा राउटर लागेल, तोही खरेदीच्या यादीत लिहा.

शेवटी २९९ हा नंबर इकोसाठी राखून ठेवा. त्यावर आपण बोललेलं आपल्यालाच परत ऐकू येतं. आधी घरातल्या दोन फोनांवर सगळं तपासा, सर्व्हरवरच्या ईटीसी (/etc) मधल्या अ‍ॅस्टरिस्क फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मगच एटीए गावी न्या. तिथून २९९ लावून स्वतःचा आवाज स्वच्छ आला, की आजींना २०१ शिकवा.